खोगिराखालचा हात

१२ जानेवारी

बियाण्याच्या कंपनीनं दुकानदारांना डायऱ्या वाटल्या, त्यातली एक माझ्याही वाट्याला आली. प्रत्येक पानाखाली कपाशीवर कधी काय फवारायचं ते छापलंय. मी मोटारसायकलच्या सीट शिवणारा माणूस, मला कुठली बोंडअळी लागणार! पण कोरं पान वाया जाऊ द्यायचं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहायला बसलो.

आज टेंभुर्णीचा सांडू आला होता, खोगीर पोत्यात बांधून. लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीला नेतात, ते काम सांडूची पाखरी करते. त्याच्या बापजाद्यांची शेकड्यानं मेंढरं होती, आता उरली ती एवढी एक घोडी. टेंपोत सामान चढवताना खोगीर खाली पडलं आणि मागच्या चाकाखाली गेलं. चामडं शिवता आलं असतं, पण आतला लाकडी सांगाडा उभा चिरलाय. त्याला इलाज नाही.

"वसंतभाऊ, फेब्रुवारीत लग्नं लागून राह्यली. तवर झालं पायजे बघा. पाखरीची पाठ धड हाय तवर माझं घर हाय. ती गेली का मंग मी कुठं जाऊ?"

"होईल," म्हणालो. का म्हणालो ते देवाला ठाऊक. आम्ही जीनगर, खोगीर करणं हा आमचा पिढीजात धंदा. पण सांगाडा मी जन्मात एकदाही केलेला नाही. बाभळीचं लाकूड वर्षभर वाळवायचं, घोड्याच्या पाठीवर शिशाची पट्टी दाबून माप घ्यायचं आणि मग तासत बसायचं, हे सगळं माझ्या वडिलांचं, अण्णांचं काम. माझ्याकडे चामडं आणि भरण. पुढे घोडी कमी झाली, मोटारसायकली वाढल्या आणि मी स्टेशनजवळ सीटचं दुकान टाकलं. हे चिरलेलं खोगीरही अण्णांचंच. पाखरीच्या आईसाठी केलेलं. पाखरी मोठी झाली तेव्हा त्यांनी टेंभुर्णीला चार दिवस मुक्काम ठोकून ते तिच्या पाठीला पुन्हा तासून दिलं होतं.

आता अण्णांना विचारावं तर दोन वर्षांपासून ते अर्धांगानं अंथरुणावर. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे फिरतात सगळीकडे. मी सांडूला नाही म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

१७ जानेवारी

कधी कधी वाटतं, वरचा कुणीतरी आपलं ऐकत असतो.

रामनिवास शेठजींचा नातू हर्ष दुकानात आला. त्यांचा बियाण्याचा मोठा व्यवहार, आणि याला घोड्यांचा नाद. त्याचं परदेशी खोगीर एका बाजूनं उसवलं होतं. मी टाके सोडले, आत हात घातला, तर आत लाकूडच नाही! नुसता एक जाड पट्टा, दोन्ही हातांनी दाबला की वाकतो.

"काका, ये फ्लेक्सिबल वाला है," हर्ष म्हणाला. "याचा सांगाडा घोड्याबरोबर वाकतो. खांदा मोकळा राहतो, चाल एकदम खुलते."

मी त्याला तासभर बसवून घेतलं. चहा पाजला. तो सांगत होता आणि मी मनात तोलत होतो. लाकडी सांगाडा एकाच घोडीला बसतो. सीझनमध्ये ती वाळली, श्रावणात सुटली, की बिघडला. हा कुणाच्याही पाठीवर आपोआप बसणार. लाकडाला वर्ष लागतं, याला आठवडा. वजन निम्मं. आपटला तरी चिरायचा नाही, टेंपो गेला तरी पुन्हा सरळ.

तोट्यांचं विचारलं तर हर्ष म्हणाला, "ट्रेनर कहता है, भारी माणूस नको. लाकूड वजन सगळीकडे वाटून देतं, हे देत न्हाई. पाय ठेवायच्या रिकिबी जिथं लटकतात ना, तिथंच सगळा भार येतो. आणि लंबा वेळ बसायचं न्हाई."

ट्रेनर असं सांगणारच. आणि भाराचं काय एवढं! चांगलं भरण घातलं की भार जिरतो. शंभर किलोची माणसं खड्ड्यांतून जातात माझ्या सीटवर बसून, आजवर कुणाचं बूड दुखलं नाही. फोममध्ये मला कोण शिकवणार?

२१ जानेवारी

एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडे कन्व्हेअरचा जुना पट्टा मिळाला. कापडावर रबर, बोटभर जाड, वाकतो पण तुटत नाही. दोन थर चिकटवून शिवले, वर फोम, खाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी. रिकिबी अडकवायच्या लोखंडी कड्या पट्ट्यालाच रिपीट मारून बसवल्या. दुकानात रबराचा वास भरलाय. किती दिवसांनी असा रमलो कामात! सीट शिवताना मी रेडिओ ऐकतो, आज रेडिओ लावल्याचंही भान नव्हतं.

पट्टा घरी नेऊन अण्णांना दाखवला. त्यांच्यासमोर वाकवून दाखवला. म्हटलं, "बघा, लाकूडच लागत नाही आता." त्यांनी पट्ट्यावरून डावा हात फिरवला, कड्या चाचपल्या. मग माझं मनगट पकडलं आणि माझा हात ओढून स्वतःच्या मांडीखाली कोंबायला लागले. मला वाटलं, अंथरूण ओलं झालं. बायकोला, बेबीनंदाला हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून त्यांना कुशीवर केलं, तर चादर कोरडी. तरी बदलली. ते माझ्याकडे अशा रागानं बघत होते की मी खोलीतून निघून आलो. लाकूड गेलं, त्याचं दुःख असणार. जुन्या माणसाला नवं बघवत नाही.

२९ जानेवारी

रेणुकाला घेऊन टेंभुर्णीला गेलो. पोरगी बी.फार्मला आहे, पण सुट्टीत सांडूकडे जाऊन पाखरीवर बसायची तिला लहानपणापासून सवय.

खोगीर पाठीवर ठेवलं आणि ते आपणहून बसलं, एकाही बाजूला फट नाही. रेणुका चढली. पाखरी पहिल्यांदा बिचकली, मग अशी सुटली की सांडू तोंडावर हात ठेवून बघत राहिला. "खांदा बघा, वसंतभाऊ! आसा कव्हाच टाकला नव्हता तिनं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवून काय करू?

अण्णांची एक रीत होती. खोगीर देण्याआधी ते त्यावर माणूस बसवायचे आणि आपला तळहात खोगीर आणि घोड्याच्या पाठीमध्ये घालायचे. त्यात थोडा देखावाही असायचा. मुद्दाम गावातला सगळ्यात धिप्पाड माणूस शोधून बसवायचे, त्याला बसल्या बसल्या चहा द्यायचे, आणि कप रिकामा होईपर्यंत हात काढायचे नाहीत. गिऱ्हाइकावर छाप पडायची. मीही रीत पाळली. रेणुका बसलेली होती तेवढ्यात हात घातला. लोणी! कुठे बोचत नाही, कुठे टोचत नाही. रेणुकाचं वजन सेहेचाळीस किलो, सांडू हसून म्हणाला, "पोरीला जल्दी उतरवू नका, पाखरीला मजा येऊन राह्यली."

६ फेब्रुवारी

पहिलं लग्न पार पडलं. सांडूचा फोन.

"खोगीर उतरवलं तं काय सांगू, सगळी पाठ घामानं चिंब, आन मधी दोन जागा कोरड्या ठाक. तळहाताएवढ्या, दोन्ही अंगाला बराबर."

म्हणजे हवा खेळते! लाकडाच्या खोगिराखाली सगळी पाठ सारखी भिजायची. मी त्याला तसं समजावून सांगितलं, तो खूश झाला. मी तर दोन दिवस हवेत आहे. आजूबाजूच्या दुकानदारांना सांगून झालं.

अण्णांना सांगितलं आणि पस्तावलो. कोरड्या जागा म्हटल्याबरोबर त्यांच्या घशातून आवाज निघायला लागला. डाव्या तळव्यानं गादीवर आपटत होते, फाट फाट. पुन्हा माझा हात धरला, पुन्हा मांडीखाली. पुन्हा चादर कोरडी. बेबीनंदा म्हणाली, "आवं, हट्टी झालेत आता. डॉक्टरला सांगा, झोप न्हाई लागत त्यास्नी." खरंच, असं रोज व्हायला लागलं तर तिनं करायचं तरी किती?

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी गोळी दिली. अण्णा शांत आहेत. घरात बरं वाटतंय. असं लिहिताना लाज वाटते, पण वाटतंय बरं.

१९ फेब्रुवारी

सांडू म्हणतो, पोटाखालचा तंग आवळायला गेलं की पाखरी चावायला येते. तिची खोड नाही ही. नवं चामडं कडक असतं, थोडं तेल लाव म्हटलं.

रेणुका जेवताना म्हणाली, "पप्पा, नवरदेव किती किलोचे असतात?"

"जेवढे असतात तेवढे असतात. मापात बसणारा नवरदेव आणायचा का सांडूनं?"

"तसं न्हाई. हर्षदादा म्हणला होता ना, भारी माणूस..."

मी तिच्यावर खेकसलो. फार्मसी शिक म्हटलं, खोगीर मी बघतो. ती ताट घेऊन उठली.

८ मार्च

एका लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. नवरदेव चांगला शंभरीच्या घरातला, पुढ्यात बहिणीचं लेकरू, डोक्यावर तुरा. डीजेपुढे मिरवणूक हलायला तयार नाही. सांडू म्हणाला, दोन तास एका जागी उभी होती पाखरी. आणि काय दिसतेय! खोगिराचं लाल चामडं, पितळी कड्या, सगळं स्पष्ट दिसतं. माझी छाती फुगली. आता भोकरदनच्या काकासाहेबांचा फोन आला, त्यांच्या घोडीलाही अस्संच खोगीर पाहिजे.

रेणुकानं तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. "ती सारखी मागचे पाय बदलून राह्यली, पप्पा. एकदा ह्या पायावर, एकदा त्या." मी म्हटलं, वाजवलं की नाचायला शिकवलेली घोडी आहे ती.

२४ मार्च

पाखरीच्या पाठीवर दोन जागी केस गेलेत आणि खाली सूज आहे. सांडूनं हळद-तेल लावलंय. गादी बसली असणार. खोगीर मागवून घेतलं आणि त्या दोन जागांवर आणखी दोन इंच फोम भरला. आता उलट जास्त मऊ झालंय.

"आठ दिवस सुट्टी दे तिला," मी म्हटलं.

"सुट्टी कशी देऊ? लोकांना सबद देऊन बसलो."

काकासाहेबांचंही खोगीर तयार आहे. त्यातही सुरुवातीपासूनच जादा फोम घातलाय.

३१ मार्च

काकासाहेब स्वतः येऊन खोगीर घेऊन गेले. घरी आलो तेव्हा अण्णांचे डोळे उघडे होते, पण कुठे बघतात ते कळत नव्हतं. गोळीमुळे तसं होतं म्हणे.

१७ एप्रिल



काल जाफराबादकडच्या एका लग्नात पाखरी मिरवणुकीतच खाली बसली. आधी मागे सरकली, मग पुढचे पाय दुमडले, आणि नवरदेव तुऱ्यासकट रस्त्यावर. त्याच्या डोक्याला खोक पडली. अपशकुन झाला म्हणून वरातीतल्या पोरांनी सांडूला मारलं. मग कुणीतरी झूल ओढली, तर खोगिराखालून पू आणि रक्त.

आज गेलो होतो. सांडूचा ओठ फाटलाय, एक डोळा मिटलाय. गुरांचे डॉक्टर पाठ धूत होते. दोन खड्डे आहेत, तळहाताएवढे, दोन्ही अंगाला बराबर. वरची कातडी वाळून टरफलासारखी सुटली होती. डॉक्टर म्हणाले, आतलं मांस कधीच मेलं होतं, वरून दिसलं उशिरा.

मी पाखरीच्या मानेवर हात ठेवायला गेलो, तर तिनं कान मागे टाकले आणि भिंतीला चिकटली.

सांडू मला एक शब्द वाईट बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी परत येताना रस्त्यात तीनदा गाडी थांबवली नसती. एवढंच म्हणाला, "अण्णांच्या खोगिरावर तिच्या मायनं हयात काढली. कव्हा केस न्हाई गेला."

मी म्हणालो, उन्हाळा कडक आहे, सूज असताना जुंपायला नको होतं. हो, मी हे म्हणालो त्याला. फाटक्या ओठाच्या माणसाला.

२६ एप्रिल

पाखरीचा जबडा आवळलाय. शेपटी ताठ, चार पाय खुंटासारखे. जखमेतून धनुर्वात झाला. डॉक्टर म्हणाले, घोड्याला तो फार लवकर धरतो. इंजेक्शनं चालू आहेत. आवाज झाला की तिचं सगळं अंग थरथरतं, म्हणून सांडूनं गोठ्याला गोधड्या बांधल्यात आणि घरात कुणाला भांडं वाजवू देत नाही.

२९ एप्रिल

पाखरी गेली. सकाळी, उजाडल्यावर.

१ मे

सांडू दुकानात आला. खोगीर पोत्यात बांधलेलं होतं, जानेवारीत आणलं होतं तसंच. काउंटरवर ठेवलं.

"हे तुमचं."

"बस, सांडू."

"न्हाई. येष्टी जाईल." उंबऱ्यावर थांबला. "एक इचारू का वसंतभाऊ? तुम्ही हात घालून बघितला व्हता ना?"

"घातला होता. तूच होतास की."

"हा. व्हतो मी." आणि गेला.

दिवसभर गिऱ्हाइकं आली, परत गेली. मी एकही सीट शिवली नाही. मला समजत नाही, माझं चुकलं कुठं. मऊ होतं ते. मी स्वतः हात घातला होता.

३ मे

रेणुकानं कबूल केलं की गेल्या आठवड्यापासून ती अण्णांना गोळी देतच नव्हती. तिची आई चिडली.

खोगीर घरी नेलं होतं. का नेलं सांगता येत नाही, दुकानात ते माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटायचं. अण्णांच्या खाटेजवळ ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाखरीचं, सांडूच्या ओठाचं, दोन खड्ड्यांचं. ते जागे होते. रडले. मग माझा हात धरला आणि मांडीखाली नेला.

या वेळी मी कुणाला हाक मारली नाही. हात तिथंच ठेवला. अण्णांनी डाव्या अंगावर सगळा भार दिला, जेवढा त्यांच्याजवळ उरलाय तेवढा, आणि माझ्याकडे बघत राहिले. मिनिट गेलं, दोन गेली. बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी हात काढायला गेलो तर त्यांनी मनगट सोडलं नाही. मान हलवली. नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. धिप्पाड माणूस. चहाचा कप.

ती छाप पाडायची सवय नव्हती, ती खोगिराची परीक्षा होती. आणि जानेवारीत हाच माणूस मला याच हातानं हेच सांगत होता आणि मी त्याची चादर बदलली. फेब्रुवारीत सांगत होता तर गोळी देऊन झोपवलं. अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या केसांवर आला, पण मला माफी वाटली नाही त्यात. ते पुन्हा माझा हात शोधत होते.

४ मे

सकाळी दुकानात घोडीच्या पाठीएवढ्या गोल ओंडक्यावर खोगीर आवळलं. परमेश्वर टेंपोवाला सीट न्यायला आला होता, एकशे चार किलोचा गडी. त्याला वर बसवलं, रिकिबीत पाय घालायला लावले आणि समोरून एक चहा मागवला. तो हसत होता. "काय मिस्तरी, लगीन लावता का माझं दुसऱ्यांदा?"

मी उजवा तळहात कडीच्या खाली घातला.

आधी काहीच नाही. मऊ. मग फोम बसला, आणि फोमाखालून कडीचा अख्खा आकार माझ्या हातावर उतरला. बाकी सगळं खोगीर हलकं आणि त्याच्या सगळ्या देहाचा भार त्या एका जागी. पट्टा वाकत होता. घोडीबरोबर वाकत होता तसाच माणसाखालीही वाकत होता, आणि लाकडासारखा कुठेच भार वाटून देत नव्हता. मी भरलेल्या जादा फोमनं ती जागा आणखी दाबली जात होती. चहा अर्धा झाला तेव्हा कळ खांद्यापर्यंत गेली. बोटं पांढरी पडली. म्हणजे रक्तच फिरत नव्हतं तिथं, घाम कुठून येणार? हवा म्हणे!

कप रिकामा झाला. परमेश्वर उतरायला लागला.

"बसा," म्हणालो. "अजून एक चहा सांगा."

"आवं, हात जाईल तुमचा."

"दोन तास उभी होती ती," म्हणालो. तो घाबरला आणि उतरलाच.

तेव्हा काकासाहेब आठवले. पाखरी गेली तेव्हाच त्यांना फोन करायला हवा होता, पण मी उन्हाळ्याला आणि धनुर्वाताला दोष देत बसलो होतो. उजव्या हातानं नंबर लागेना. डबा घेऊन आलेल्या रेणुकानं लावून दिला. बराच वेळ वाजला, मग उचलला. मागे गलका होता.

"मिस्तरी! तुमची आठवणच काढून राह्यलो. खोगीर एक नंबर! घोडी घामानं न्हाऊन निघते, पण खोगिराखाली दोन जागा आशा कोरड्या ठाक..."

"काकासाहेब, ते काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

"आं? आवाज यीना. नवरदेव चढून राह्यला बगा, मंग बोलू!"

मी ओरडत होतो. तिकडे बँड सुरू झाला.

रेणुकानं गाडी बाहेर काढलीय. माझी मूठ वळत नाही, चालवणार तीच. हे डाव्या हातानं लिहितोय. भोकरदन दीड तासावर आहे.